खिळे उपटणारे हेडमास्तर

आमच्या हेडमास्तरांना भेटायला आलेल्या माणसाला आधी त्यांचं टेबल शोधावं लागे. सोमवारी ते वऱ्हांड्याच्या टोकाला असे, बुधवारी विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली, आणि भुरभुर पाऊस असला तर सहावीच्या मुलांच्या मधोमध. शिपाई पालकांना फाटकातच सांगून मोकळा होई, "टेबल ढूँढ लो बाबूजी, साहब वहीं मिलेंगे." मी नवा असताना एकदा सुचवलं, की कचेरी एका जागी असावी, लोकांची गैरसोय होते.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, खरी गरज असलेला माणूस शोधतो. नसलेला फाटकातूनच परत जातो. माझं निम्मं काम तिथेच संपतं."

आणि ते खरोखर संपत असे. त्यांच्याविषयीच्या माझ्या वैतागाचं मूळ हेच होतं. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे हे मला नेहमी ठाऊक असे, पण सिद्ध करायला गेलो की ते थोडंसं बरोबर निघे.

अंगाने काटकुळे, आणि बाराही महिने काळा लांब कोट. कोटाच्या उजव्या खिशात एक पक्कड, डाव्या खिशात उपटलेले खिळे. खिशाचं अस्तर केव्हाच फाटलं होतं, त्यामुळे खिळे कोटाच्या घेरात उतरून बसत आणि कोट एका बाजूला ओढल्यासारखा लोंबे. चालताना खुळखुळ आवाज होई. मुलं तो ऐकून सावध होत, आणि आम्ही मास्तरही.

हे खिळे बाकांचे. आमच्या शाळेत एका रांगेतली सगळी बाकं खालून एका लांब लाकडी पट्टीने जोडलेली होती, मुलांनी ती सरकवू नयेत म्हणून. हेडमास्तर मधल्या सुट्टीत जमिनीवर आडवे होऊन त्या पट्ट्यांचे खिळे उपटत. हाताखाली दोन मिस्त्री मिळाले असते, पण ते काम त्यांनी कोणाला दिलं नाही. एकदा एक वकील मुलाच्या प्रवेशासाठी आले, तेव्हा त्यांना बाकाखालून फक्त दोन पाय दिसले. त्या पायांशीच त्यांनी सगळं बोलणं केलं आणि प्रवेश घेऊन गेले.

"खिळा मारलेल्या बाकावर मूल बसतं, शिकत नाही," असं ते म्हणत. दिवसातून निदान दोनदा.

मला हे मुळीच पटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. माझे वडील, आबा, एका सरदाराच्या फरासखान्यात होते. सरदारांची स्वारी जिथे जाईल तिथे आधी जाऊन तंबू ठोकायचे, कनाती लावायच्या, जाजमं अंथरायची, आणि स्वारी उठली की सगळं गुंडाळून गाड्यांवर घालायचं. माझं लहानपण त्या गाड्यांच्या मागेपुढे गेलं. सातव्या वर्षी आईने मला सबलगडला मामांकडे शिकायला ठेवलं. तिथल्या शाळेत मला दुसऱ्या रांगेतलं खिडकीकडचं बाक मिळालं. ते पक्कं होतं. मी पाच वर्षं त्याच बाकावर बसलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं, आणि मी पुढे बी. ए. झालो, तो त्या बाकाच्या जोरावर, असं मला मनापासून वाटे. त्या बाकाचे खिळे कोणी उपटले असते तर मी रडलो असतो.

हे मी हेडमास्तरांना सांगितलंही. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "पाच वर्षं एकाच खिडकीतून पाहिलंत? काय दिसायचं?"

मी म्हणालो, "कोतवालीची भिंत."

"बघा," ते म्हणाले, आणि पुन्हा बाकाखाली गेले.

तरी मी त्यांच्याविरुद्ध फार बोलू शकत नसे, कारण मला नोकरी त्यांनीच दिली होती. मुलाखतीला कमिटीचे तीन गृहस्थ होते. त्यातल्या एकाने माझं आडनाव वाचून विचारलं, "म्हणजे तुम्ही फरासाचे चिरंजीव का?" मी हो म्हणालो. तो गृहस्थ खुर्चीत मागे रेलला, आणि मला कळलं की आपलं काम फसलं. तेवढ्यात कोपऱ्यातून हेडमास्तर म्हणाले, "अहो, ते टेबल जरा त्या खिडकीपाशी घ्या बघू." मी टेबल उचललं आणि खिडकीपाशी नेऊन ठेवलं. ते कमिटीकडे वळले. "मघापासून तीन उमेदवारांना हेच सांगितलं. तिघांनी शिपायाला हाक मारली. हे सोमवारपासून येतील."

माझ्या हातात पदवीचं सर्टिफिकेट गुंडाळी करून धरलेलं होतं. ते कोणी उघडूनही पाहिलं नाही. घरी येऊन आबांना नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला, पण मला मात्र रात्री जेवण गेलं नाही. गणितात मला विशेष प्रावीण्य होतं, आणि माझी निवड हमालीवर झाली होती.

नोकरी हंगामी होती. गणिताची कायम जागा अकरावीचा वर्ग सुरू झाला तरच निघणार होती. तेवढ्यावर माझं सगळं अडलेलं होतं.

आमची शाळा ग्वाल्हेरात, दौलतगंजच्या मागे, एका जुन्या पागेत भरत असे. उंच छत, दगडी फरशी, अंगणाच्या बाजूने एका ओळीत कमानी. घोडे गेल्यावर कोणीतरी मध्ये विटांच्या पातळ भिंती घालून तिच्या सात खोल्या केल्या होत्या. पाच खोल्यांत सहावी ते दहावी, एकीत वाचनालय, एकीत प्रयोगशाळा म्हणवणारं एक कपाट. हेडमास्तरांना या सहा भिंती डोळ्यासमोर नको होत्या. "घोड्यांना मोकळी जागा होती, मुलांना कोंडवाडा," असं ते म्हणत.

भिंती काढायची परवानगी मागणारं पत्र त्यांनी शिक्षण खात्याला लिहिलं तेव्हा आम्ही मध्य भारतात होतो. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. पत्रही तिच्याबरोबर येत-जात राहिलं. मग मध्य भारतच मध्य प्रदेशात गेला, कागद भोपाळला गेले, आणि एका राज्याला लिहिलेल्या पत्राचं उत्तर दुसऱ्या राज्याकडून आलं. त्यात एवढंच होतं, की आपलं पत्र मिळालं, कृपया तीन प्रतींत पाठवावं.

हेडमास्तरांनी ते मास्तरांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. "नाही म्हटलेलं नाही," ते म्हणाले.

संस्कृतचे शास्त्रीजी आमच्यात सगळ्यात वडील होते. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "हो पण म्हटलेलं नाही, साहेब."

"शास्त्रीजी, सरकारने मौन पाळलं की ती संमती. तुमच्याच शास्त्रात आहे."

"ते लग्नाच्या वेळचं आहे," शास्त्रीजी म्हणाले. पण तोवर हेडमास्तर गवंडी शोधायला बाहेर पडले होते.

पुढच्या सुट्टीत सहाही भिंती गेल्या. आम्ही शाळेत आलो तेव्हा सात खोल्यांची एक खोली झाली होती, आणि बाकं कुठेही, कशीही पडली होती. हेडमास्तर मधोमध उभे राहून हात पसरून म्हणाले, "घ्या. आता शिकवा."

त्यानंतरच्या सहा महिन्यांत मी जेवढा घसा खरवडला तेवढा आयुष्यात कधी खरवडला नाही. माझ्या एका अंगाला शास्त्रीजींची दहावी, दुसऱ्या अंगाला भूगोल. शास्त्रीजी शब्द चालवून घेत ते मुलांकडून एका सुरात, आणि माझी नववीची पोरं समीकरण सोडवता सोडवता त्या सुरात डोलू लागत. एकाच्या वहीत मला उत्तराखाली 'रामाभ्याम्' लिहिलेलं सापडलं. मी तक्रार घेऊन गेलो, तर शास्त्रीजींची माझ्याविरुद्ध तक्रार तयारच होती.

"अहो बीए," ते मला याच नावाने हाक मारत, "तुमचं ते क्ष आणि य जरा हळू होऊ द्या ना. इकडे रामाला द्वितीया लागून नाही राहिली."

आम्ही दोघे मिळून हेडमास्तरांकडे गेलो. त्या दिवशी टेबल विहिरीपाशी होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दोघांनाही एकमेकांचं ऐकू येतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा या शाळेत कोणी कोणाचं ऐकलं."

एकदा मी नववीला एक अवघड गणित घातलं. कोणाला येईना. आणि उत्तर आलं ते सातवीतून. तो मुलगा भूगोलाच्या तासाला पाठमोरा बसून माझं गणित ऐकत होता. मी त्याला पकडून हेडमास्तरांपुढे उभा केला, शिक्षा व्हावी म्हणून. त्यांनी त्याला उत्तर पुन्हा करून दाखवायला लावलं, आणि सांगितलं की उद्यापासून गणिताला नववीत बस, बाकी विषयांना सातवीत.

"याची हजेरी कुठल्या रजिस्टरात मांडू?" मी विचारलं.

"जिथे असेल तिथे."

"पण तो एका तासाला इथे, दुसऱ्या तासाला तिथे!"

"तुम्ही नाही का?" ते म्हणाले. "तुम्ही तर दिवसातून पाच वर्गांत असता. तुम्हाला कोणी विचारतं?"

अशा माणसाशी काय बोलणार? मी घरी येऊन आबांपाशी चिडचिड करी. आम्ही दाना ओली नावाच्या गल्लीत एका खोलीत राहत होतो. संस्थान विलीन झालं, सरदारांनी फरासखाना मोडला, तंबू-कनाती दौलतगंजातल्या एका मंडपवाल्याने उचलल्या, आणि आबा घरी बसले. त्यांच्या हाताला काम नव्हतं. ते रोज सकाळी मंडपवाल्याच्या दुकानी जात, आपल्याच जुन्या कनातींना ऊन दाखवत, फाटलेलं शिवत, आणि परत येत. माझ्या शाळेच्या गोष्टी मात्र ते कान देऊन ऐकत. मी भिंतींची हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी मान डोलावली. "तुमचा साहेब फरासखान्यात हवा होता," ते म्हणाले. मला त्याचा रागच आला.

आणि मग पत्र आलं, की अकरावीच्या मान्यतेसाठी शाळेची तपासणी पुढच्या आठवड्यात होईल, आणि सात स्वतंत्र खोल्या असल्याशिवाय मान्यता मिळणार नाही. मान्यता नाही मिळाली तर नववी-दहावीसुद्धा दुसऱ्या शाळेत विलीन करण्यात येतील. त्या दिवसांत सगळंच कशात ना कशात विलीन होत होतं, त्यामुळे ही नुसती धमकी नव्हे हे आम्हाला ठाऊक होतं.

मी पत्र घेऊन हेडमास्तरांसमोर उभा राहिलो. "काय करायचं?"

"इन्स्पेक्टर येतील. बघतील. त्यांना कळेल."

"त्यांना कळणार नाही, हेडमास्साब! ते खोल्या मोजणार. आपल्याकडे एक आहे."

"एक आहे म्हणून सांगू."

माझा आवाज चढला. मी म्हणालो, तुमचं काय, तुमच्या नोकरीला वीस वर्षं झाली. माझी जागा या अकरावीवर आहे. अकरावी नाही तर मी जूनमध्ये घरी, आणि आमच्या घरी आधीच एक माणूस बसलेला आहे. ते टेबलावरचा एक खिळा उचलून बोटांत फिरवत राहिले.

परतताना शास्त्रीजी माझ्यासोबत चालत आले. त्यांचीही दहावी जाणार होती, पण ते तसं म्हणाले नाहीत. "बीए," ते म्हणाले, "तुमचे वडील एका पहाटेत अख्खी छावणी उभी करत असत ना? मग सहा पडदे म्हणजे काय?"

मी आबांना विचारलं तेव्हा त्यांनी उठून पागोटं बांधलं, आणि मग म्हणाले, "कधी?"

तपासणीच्या दिवशी सकाळी सहाला आबा मंडपवाल्याचा हातगाडा घेऊन शाळेत हजर. मेखा, मोगरी, दोरांची वेटोळी, आणि लाल-निळ्या पट्ट्यांच्या कनाती. दगडी फरशीत मेख शिरणार नाही, म्हणून त्यांनी दोर कमानींच्या जुन्या कड्यांना बांधले. त्या कड्या घोडे बांधायच्या. आम्ही सहा महिने त्यांच्याखाली शिकवत होतो आणि त्या कशाच्या, हे कोणाला माहीत नव्हतं. मी हातभार लावायला गेलो तर म्हणाले, "तू बाजूला हो, इस्त्री मोडेल." साडेआठपर्यंत सात खोल्या उभ्या होत्या. सरळ, ताणलेल्या, एक सुरकुती नाही. मला पहिल्यांदा आबांचं काम नीट दिसलं.

नऊला मुलं आली, आणि घोटाळा कळला.

आबांना कनात लावायची एकच रीत ठाऊक होती, छावणीची. छावणीत आधी बाहेरून सगळं बंद करतात, एकच देवडी ठेवतात, आणि एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं जावं लागतं, म्हणजे परका माणूस एकदम आत पोचत नाही. आबांनी अंगणाकडच्या सगळ्या कमानी कनातीने बंद केल्या होत्या. वाट एकच, सहावीतून. दहावीला जायचं तर सहावी, सातवी, वाचनालय, आठवी, कपाट, नववी असं करत. दहावीतल्या एका मुलाला लघवीला जायचं होतं, तो सहा खोल्यांतून गेला आणि सहा खोल्यांतून आला, आणि प्रत्येक खोलीने त्याला विचारलं, "हो गई?"

"आबा, हे काय केलंत?"

"का? बायकामुलं सुरक्षित राहतात," आबा म्हणाले.

आता बदलायला वेळ नव्हता. दहा वाजता हेडमास्तर जयेंद्रगंजातल्या घरून आले. मी त्यांना आधी काहीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे देवडीत उभा राहून शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यांनी कनातीवरून हात फिरवला. एक दोर ओढून पाहिला. मग माझ्याकडे न पाहता आबांना विचारलं, "उस्ताद, ही भिंत खाली यायला किती वेळ लागतो?"

"हुकूम येईपर्यंतचाच वेळ, सरकार."

"आणि दुसरीकडे लावायला?"

"तोंडातलं पान संपायच्या आत."

मी त्यांना एवढं खूश कधीच पाहिलं नव्हतं.

इन्स्पेक्टर बरोबर अकराला आले. सभ्य, दमलेले गृहस्थ. हातात छापील तक्ता. भोपाळहून निघून आठवड्यात ही त्यांची नववी शाळा होती. हेडमास्तर त्यांना देवडीतून आत घेऊन गेले. प्रत्येक खोलीत मुलं उभी राहत, "नमस्ते" म्हणत, बसत. इन्स्पेक्टर पुढच्या खोलीत. शेवटी ते दहावीत, शास्त्रीजींच्या खुर्चीवर टेकले, आणि त्यांना चहा देण्यात आला. मी पलीकडे नववीत शिकवत होतो, निदान तोंड हलवत होतो. सात खोल्या त्यांनी स्वतःच्या पायांनी ओलांडल्या होत्या. आता फक्त तक्त्यात आकडा भरायचा होता.

तेवढ्यात कनातीपलीकडून हेडमास्तरांचा हलका आवाज आला. "उस्ताद, सगळं झकास. पण असं नको. प्रत्येक वर्गाला अंगणातून वाट हवी."

"सरकार, अशी लावत नाहीत. बाहेरचा माणूस थेट आत येईल."

"तो थेट आत यावा म्हणूनच शाळा असते."

मग आबा म्हणाले, "हुकूम." आणि माझ्या डाव्या हाताची सबंध कनात सरसर बाजूला गेली. अंगणातलं ऊन माझ्या फळ्यावर पडलं. मुलं "ओहो" म्हणाली. मी दातओठ खात उभा होतो, तर पलीकडून पुन्हा, "आणि नववी-दहावी एक करायची असली तर?"

"ही घ्या," आबा म्हणाले.

माझ्या पाठीमागची भिंत जमिनीवर आली. मी वळलो. समोर खुर्चीवर इन्स्पेक्टर, हातात कप, कपाशेजारी तक्ता. शास्त्रीजींनी डोळे मिटून घेतले होते.

इन्स्पेक्टरांनी कप खाली ठेवला. "हेडमास्टर साहब, यह सब क्या है? कमरे कितने हैं आपके यहाँ?"

"अभी?" हेडमास्तरांनी विचारलं. "या सवेरे?"

"मुझे एक संख्या लिखनी है."

"देखिए, सुबह छह बजे एक था. नौ बजे सात थे. इस घड़ी छह हैं. आप जितने कहें."

"ऐसा कोई खाना नहीं है इसमें," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि त्यांनी तक्ता खरंच दाखवला. मग त्यांची नजर फिरत माझ्यावर आली. "आप गणित पढ़ाते हैं न? आप बताइए. कितने कमरे हैं?"

हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते. त्यांना खात्री होती की मी सहा म्हणेन, कारण सहा होत्या. त्यांच्यामागे आबा उभे होते. पाडलेल्या कनातीचा दोर त्यांच्या हातात होता, आणि ते माझ्याकडे, सरदारांकडे पाहावं तसे, वाट पाहत होते.

"सात," मी म्हणालो.

शब्द संपायच्या आत दोर ताणला गेला, आणि भिंत माझ्या आणि इन्स्पेक्टरांच्या मध्ये उभी राहिली.

पलीकडून पेनाचा आवाज ऐकू आला. इन्स्पेक्टरांनी आकडा लिहिला होता.

दीड महिन्याने उत्तर आलं. अकरावीला मान्यता एका वर्षाची. खोल्यांचे विभाजन अस्थायी आढळले, तरी वर्षाच्या आत पक्क्या भिंती बांधाव्यात, अन्यथा मान्यता रद्द. शास्त्रीजींनी पेढे वाटले. मी मात्र टेबल शोधत निघालो. ते शाळेमागच्या रिकाम्या हौदापाशी सापडलं.

"तुम्ही सात म्हणालात," हेडमास्तर म्हणाले.

"हो."

"सहा होत्या."

"मला नोकरी हवी होती," मी म्हणालो.

त्यांनी पत्राची घडी केली. मला वाटलं, आता हे मान्यता नको म्हणून कळवतील; त्यांना ते सहज शक्य होतं, आणि त्यांचा स्वभावही तोच. "मग तुमचा आकडा खरा करायला हवा," ते म्हणाले. "उन्हाळ्यात गवंड्यांवर तुम्ही उभे राहा. मला ते बघायचं नाही."

मे महिन्याच्या लूत, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात, मी सहा भिंती बांधून घेतल्या. ते एकदाही फिरकले नाहीत; सुताराचं काम तेवढं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. जुलैत मला कायम केल्याचं पत्र मिळालं. ते आबांनी मंडपवाल्याला, पानवाल्याला आणि दाना ओलीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर वाचून दाखवायला लावलं.

शाळा उघडली त्या दिवशी मी माझ्या पक्क्या खोलीत शिरलो आणि दार लावायला मागे वळलो. दार नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्यांची जागाही होती. सातही खोल्यांची तीच गत. मी तिथल्या तिथे हेडमास्तरांकडे गेलो.

"नियम मी दोनदा वाचला," ते म्हणाले. "भिंतींविषयी आहे. दारांचा उल्लेख नाही."

त्यांच्या निवृत्तीपर्यंत आठ हिवाळे मी त्या खोलीत मफलर बांधून शिकवलं. ग्वाल्हेरचा जानेवारी ज्यांनी काढलाय त्यांना कळेल. हातातला खडू जाणवत नसे. अधूनमधून एखादं पोर शेजारच्या वर्गातून सरळ येऊन मागे बसे, ऐके, आणि उठून जाई, आणि मला काही बोलता येत नसे, कारण अडवायला काही नव्हतंच. मी दर वर्षी दारांसाठी अर्ज केला. दर वर्षी तो मला 'तीन प्रतींत पाठवावा' असा शेरा मारून परत मिळाला, त्यांच्याच अक्षरात.

ते निवृत्त झाल्यावर नवे हेडमास्तर आले. पहिल्याच आठवड्यात दारांचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी सही केली. थंडी फार होती.

त्यानंतर काही दिवसांनी जुने हेडमास्तर मला दौलतगंजात भाजीच्या दुकानापाशी भेटले. कोट तोच. मी नमस्कार केला. लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून म्हणालो, "हेडमास्साब, दारं बसली."

ते मेथीची जुडी झटकत होते. "कडी आतून आहे की बाहेरून?"

"आतून."

"लावता?"

"थंडीत लावतो."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात लू असते."

"म्हणजे लावताच," ते म्हणाले, जुडी पिशवीत टाकली आणि मागे न पाहता निघून गेले.

मी तिथेच उभा राहिलो. मला म्हणायचं होतं, की नाही, पावसाळ्यात नाही लावत, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तर कधीच नाही, आणि एखादा मुलगा बाहेर घुटमळताना दिसला तर मी स्वतः उठून उघडतो. पण ते वळणापलीकडे गेले होते. घरी जाताना सबंध रस्ताभर मी त्यांना हे सांगत होतो. अजूनही सांगतो.